रक्ताला लावलेला कौल

पोट फुगायला लागलं तेव्हा मी परकराची नाडी सैल केली. हा माझा पहिला उपचार. दुसरा ओव्याचा, तिसरा रात्रीचं जेवण सोडण्याचा. तरीही पोट वाढतच राहिलं, तेव्हा मी शेजारणींना सांगत सुटले की म्हातारपणी का होईना, जेवण माझ्या अंगाला लागायला लागलंय. त्याही म्हणाल्या, "बरा झाला गो, नुसती हाडा ऱ्हवली होती तुजी." हात काडीसारखे, गाल बसलेले आणि मधोमध हे एवढं कलिंगड. आरशात ही बाई मला रोज दिसत होती आणि तिच्यात मला काही वावगं दिसत नव्हतं. साठी ओलांडलेली, घरात शब्दाला मान असलेली, गावातल्या तिघी-चौघींची बाळंतपणं निस्तरलेली बाई ती. स्वतःचं पोट मात्र तिला वाचता आलं नाही. आता तिची आठवण आली की मी तिला 'शहाणी' म्हणते. आमच्या मिठबावात शहाणी कुणाला म्हणतात, ते वेगळं सांगायला नको.

सुनेच्या लक्षात आलं ते दोरीवर कपडे वाळत घालताना. माझा परकर हातात धरून ती बघत राहिली. नाडीच्या जुन्या गाठीची खूण एकीकडे आणि नवी गाठ वीतभर लांब.

"आये, ह्या जेवणाचा पोट नाय."

"मगे कसला?"

"तां डॉक्टर सांगतलो. उद्या जावया."

माझा मुलगा बोटीवर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. त्याचे वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घर, कलमांची बाग, आंब्याच्या पेट्या आणि मी, हे सगळं सुनेच्या अंगावर. पेट्या पोचवायला म्हणून ती गाडी शिकली होती. त्याच गाडीत मला घालून तिने आधी कणकवलीला नेलं. तिथे सोनोग्राफी करणारा डॉक्टर बोलता बोलता गप्प झाला. मग तळेऱ्यावरून गगनबावड्याचा घाट चढून आम्ही कोल्हापूरला गेलो, कॅन्सरच्या दवाखान्यात. पोटातलं पाणी काढलं. मी मान वळवून बाटली बघितली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. गाठ अंडाशयाची होती आणि ती पोटात पसरली होती.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची असेल. चष्मा, केस मागे घट्ट बांधलेले, आवाज बारीक. तिने एका कागदावर रेघ मारून मला समजावलं.

"आजी, ही गाठ रक्तात एक प्रथिन सोडते. त्याची तपासणी असते, सीए वन ट्वेंटी फाइव्ह. पस्तीसच्या आत असलं तर आम्ही ठीक म्हणतो. तुमचं अठराशेच्या वर आहे."

मी विचारलं, "अठराशे म्हणजे फार का?"

"फार आहे. पण मला त्या आकड्यापेक्षा तो उतरतो कसा, ते बघायचंय. आधी तीन डोस देऊ. प्रत्येक डोसाच्या आधी रक्त घेऊ. आकडा भराभर उतरला, तर औषध गाठीला लागतंय असा अंदाज येतो. मग ऑपरेशन करून जे उरलं असेल ते काढता येतं. नाही उतरला, तर वेगळा विचार करावा लागेल."

"वेगळा म्हणजे?"

"ते तेव्हा बोलू."

या 'तेव्हा बोलू'ने माझी झोप नेली. बाकी ती जे जे म्हणाली, त्यातलं माझ्या डोक्यात एवढंच बसलं: आकडा उतरला तर मी जगणार, नाही उतरला तर नाही. असं ती म्हणाली नव्हती. 'अंदाज' हा शब्द ती बोलली होती, हे सुनेने मला नंतर शंभर वेळा ऐकवलं. पण शहाणीला अंदाज नको होता. तिला होय किंवा नाय हवं होतं.

पहिला डोस झाला. केस गेले. तोंडाला गंजक्या खिळ्याची चव आली, माशाच्या कालवणालासुद्धा तीच. दुसऱ्या डोसाच्या आधी रक्त घेतलं तर आकडा सतराशे. डॉक्टरीण म्हणाली, एका डोसावरून काही ठरवू नका, पुढचा आकडा महत्त्वाचा. मी मान हलवली आणि गाडीत बसल्यावर सुनेला म्हटलं, "नाय उतरणा."

"शंभर उतरलो तो काय?"

"अठराशातले शंभर म्हणजे समुद्रातसून तांब्यो भरून काढल्यासारखा."

ती गाडी चालवत राहिली.

आता कौलाचं सांगायला हवं. आमच्याकडे घरात काही अडलं तर देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतो आणि हात जोडून गाऱ्हाणं घालतो. आपण मागून प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. नवी नवरी होते तेव्हा माझे यजमान बोटीवर गेले होते. चतुर्थीला येतील का म्हणून मी कौल लावायला लावला. डावी पडली. मी विचारलं, मग दिवाळीला? डावी. मग तुळशीच्या लग्नाला? गुरव कंटाळले, सासू हसायला लागली. शेवटी शिमग्याचं विचारलं तेव्हा एकदाची उजवी पडली. ते शिमग्याला आले आणि मी गावभर सांगत फिरले की आमचो देव जागृत. देवाला दमवून होय काढून घेणारी अशी मी. आणि आमच्यात आणखी एक रीत आहे. सासरच्या देवाने उत्तर दिलं नाही तर बाई माहेरच्या देवीला जाऊन विचारते. त्यात कुणाला काही वाटत नाही.

तर त्या सतराशेनंतर मी देवळात गेले. गुरवही आता म्हातारे झालेले. माझ्या डोक्याला बांधलेला रुमाल बघून त्यांनी डोळे खाली केले.

"वयनी, जीवाचो कौल मी लावणंय नाय."

"औषधाचो लावा. औषध लागू पडतला काय, तेवढाच विचारा."

त्यांनी कळ्या भिजवल्या. गाऱ्हाणं घातलं. मी "व्हय म्हाराजा" म्हणत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. कळ्या चिकटल्या त्या चिकटल्या. गुरवांनी पुन्हा विचारलं. वारा आला, समई हलली, कळ्या जागच्या जागी. बसून बसून माझ्या पायाला मुंग्या आल्या. शेवटी ते उठले.

"आज देव बोलणा नाय. आठ दिवसांनी या."

आठ दिवस. एवढा धीर त्या शहाणीच्या अंगात असता तर काय हवं होतं. घरी येताना वाटेतच मी ठरवलं की तिसऱ्या डोसाची वाट बघायची नाही. रक्ताला आत्ताच पुन्हा विचारायचं. कोल्हापूरची लॅब दोन्ही खेपांना अठराशे-सतराशे असं काहीबाही सांगत होती. दुसरी लॅब बघायची. माझं माहेर तोंडवलीचं. मालवणला आम्ही लहानपणापासून बाजाराला जायचो, तिथे अशी लॅब असणारच. म्हणजे बघा, सासरचा देव बोलला नाही म्हणून मी रक्त घेऊन माहेरच्या देवीकडे निघाले. तेव्हा मला हे असं दिसलं नव्हतं. तेव्हा मला ती अक्कलहुशारी वाटली होती.

सुनेला सांगितलं, माहेरी देवीची ओटी भरून येते. ती म्हणाली, मी सोडतंय. मी म्हटलं, तुझ्या पेट्या कोण भरणार, भावाचा मुलगा येतोय न्यायला. भावाचा मुलगा वगैरे कुणी नव्हता. मी आचऱ्यावरून जाणारी एसटी पकडली. अंगात पांढऱ्या पेशी किती, गर्दीत शिंकणारा शेजारी किती जवळ, हे सगळं मला दवाखान्यात सांगितलेलं होतं. मी खिडकीशी बसले आणि नाकाला पदर लावला, झालं.

लॅबमधल्या माणसाने विचारलं, "कसली तपासणी?"

मी हॉटेलात चहा सांगावा तसं सांगितलं, "सीए वन ट्वेंटी फाइव्ह."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रुमाल, भुवया नसलेलं कपाळ. पुढे त्याने काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "मोबाइल नंबर सांगा. रिपोर्ट मोबाइलवर येईल."

मी नंबर सांगितला. रक्त दिलं, देवीच्या नावाने नारळ घेतला आणि संध्याकाळच्या आत घरी आले.

त्यानंतर मी माझा फोन उशाशी, कमरेला, देव्हाऱ्यात, जिथे जाईन तिथे नेत होते. तो वाजला की मी हातातलं काम टाकायची. वाजला नाही की बंद पडला का ते बघायची. एकदा मुंबईहून कुणी विम्याचं बोलायला फोन केला, त्याला मी हॅलो म्हणायच्या ऐवजी "किती?" विचारलं.

रिपोर्ट आला नाही. पण सून बदलली.

माझी सून चांगली आहे, हे मी कुणालाही सांगेन, पण तिची जीभ कोयत्यासारखी आहे आणि मला ती तशीच आवडते. पेज अर्धी ठेवली तर "ही पेज काय मी कोंबड्यांसाठी केलंय?" असं विचारणारी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज अर्धी ठेवली. तिने ताट उचललं आणि म्हणाली, "ऱ्हवांदे आये. मगे खावा." दुपारी माझ्यासाठी मुद्दाम मुडदुशे आणून त्यांची कढी केली. हे मऊ मासे आमच्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला घालतात. संध्याकाळी माझ्या पायांना तेल लावायला बसली. मी म्हटलं, "आज काय आसा?" तर म्हणाली, "काय नाय, वाटला म्हणान." तिचे डोळे पायांवरच होते.

मी इतकी घाबरले की सांगता येत नाही. या घरात माझ्याशी गोड बोललं जात होतं. कोल्हापूरहून डॉक्टरणीचा फोन आला असणार, मी ठरवलं. औषध लागू पडत नाही, आता जेवढे दिवस आहेत तेवढे सुखाचे जाऊ देत, असं तिला सांगितलं असणार. दुसरं काय असणार? पायाला तेल लावून घेताना मी पडवीबाहेर बघत बसले. बागेत कलमं उभी होती. नवऱ्याने लावलेली कोणती आणि मुलाने लावलेली कोणती, हे मला झाडाच्या पानावरून ओळखता येतं. मला एकदम वाटलं की हे कुणाला तरी सांगून ठेवायला हवं.

मग मी सांगायलाच लागले. मीठ कुठे ठेवते, लोणच्याच्या बरणीला कोणतं फडकं, मुलाच्या लहानपणीचं वाळं कुठल्या डब्यात, देवाच्या नैवेद्याला कोणते तांदूळ. सून ऐकत राहिली. तिसऱ्यांदा मीठ निघालं तेव्हा तिची जीभ पुन्हा थोडी जागी झाली.

"आये, मीठ खंय आसा ता माका म्हायत आसा. लग्न झाल्यापासून मी ह्याच घरातला मीठ खातंय."

"मगे आता कित्याक गोड बोलतंस माझ्यावांगडा?"

ती उठली. पेट्या भरायच्या पडवीत गेली. मी तिच्या मागून गेले. तिथे गवताचा वास, आंब्याचा वास, कोपऱ्यात खिळ्यांचा डबा. तिने एक पेटी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

मी विचारलं, "डॉक्टरणीचो फोन इल्लो ना?"

"नाय."

"माका फसवू नको गो बाय."

"मी फसयतंय?" ती वळली. तिच्या तोंडावर इतक्या दिवसांत दाबून ठेवलेलं सगळं एकदम आलं. "मी फसयतंय? ह्या काय आसा? ह्या तुमी सांगा माका."

तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर माझं नाव, माझं वय आणि एक आकडा. एकवीसशे.

लॅबमधल्या माणसाला मी नंबर दिला होता तो तिचा. मला पाठ असलेला एकच नंबर तो. मुलाचे नंबर बंदराबंदरांत बदलतात आणि स्वतःचा नंबर कोण पाठ करतं?

"मी समाजलंय तुमका म्हायत आसा," ती म्हणाली. "म्हटला, आयेन आपणच रगत दिल्यान, आपणच आकडो बगल्यान आणि आमका सांगूचा नाय म्हणान गप ऱ्हवली. म्हणान मी पण गप ऱ्हवलंय."

"माका आत्ता कळला."

"आत्ता?"

"आत्ता. तुझ्या हातसून."

ती पेटीवर बसली. पेटी मोडेल असं मला वाटलं. एकवीसशे. अठराशेवरून सतराशे आणि आता एकवीसशे. म्हणजे दोन डोस झाले, केस गेले, जीभ गेली आणि ते आत वाढतंच होतं. माझे हात गार पडले होते. भर वैशाखात. मी ते पदरात गुंडाळून उभी राहिले.

"कोल्हापुराक फोन करतंय," ती म्हणाली.

"नको."

"कित्याक?"

"औषध बंद करतली."

"आणि नाय सांगला तर? तशीच घालत ऱ्हवतली?"

"तिसरो डोस चार दिवसांवर आसा. तेव्हाच सांगूया."

तिला ते पटलं नव्हतं, पण मी रडायला लागले आणि तिने हातातला फोन खाली ठेवला. ते चार दिवस आम्ही दोघी घरात चोरासारख्या वावरलो. ती पेट्या भरायची, मी गवत पसरायची. कुणी आलं की आम्ही आंब्याच्या भावाचं बोलायचो. मला वाटायचं पोटात पुन्हा पाणी भरतंय. दिवसातून किती वेळा तरी मी नाडी चाचपायची. एकदा तिने ते बघितलं आणि तोंड फिरवून घेतलं. गुरवांनी आठ दिवसांनी बोलावलं होतं, मी गेले नाही. देव एकवीसशे म्हणेल अशी मला भीती वाटत होती.

कोल्हापूरला पोचल्यावर आधी रक्त घेतलं, नेहमीच्या खिडकीत. मग आम्ही डॉक्टरणीपुढे बसलो. सुनेने फोन टेबलावर ठेवला. डॉक्टरणीने आकडा वाचला, खालची बारीक अक्षरं वाचली.

"हे कुठे केलंत?"

मी दवाखान्यात बोलते ती मराठी काढली. "मालवणला. खात्री करून घ्यावी म्हणून."

"कशाने गेलात?"

"एसटीने."

"ताप आला असता तर काय केलं असतंत?"

"सांगा तिका, सांगा," सून माझ्या मागून म्हणाली.

डॉक्टरीण ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला तेवढा वेळ दुसरं काही ऐकायचं नव्हतं. तिने माझाच जुना कागद पुन्हा पुढे ओढला. त्यावर तिने काढलेली रेघ होती.

"आजी, हा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो या रेघेवर बसत नाही. तिथलं यंत्र वेगळं, त्यातलं रसायन वेगळं. एकाच माणसाचं एकाच दिवशीचं रक्त दोन ठिकाणी दिलं तरी हा आकडा वेगळा येऊ शकतो, आणि तुमच्यासारखा मोठा असला की जास्तच. तुम्ही चढण चढताय की उतरताय, हे बघायला मला एकाच जागी उभं राहावं लागतं. तुम्ही मला दुसऱ्या डोंगरावरून बघायला सांगताय."

"म्हणजे वाढलं नाही?"

"मला माहीत नाही. सकाळचं रक्त येऊ दे, मग बोलू."

पुन्हा तेच 'बोलू'. बाहेर बाकड्यावर आम्ही बसलो. इतकी भीती मला बाळंतपणात वाटली नव्हती, नवऱ्याची बोट वादळात सापडल्याची बातमी आली होती तेव्हाही नाही. तेव्हा करायला काहीतरी होतं. चूल पेटवायची होती, सासूला धरायचं होतं. इथे माझं रक्त भिंतीच्या पलीकडे कुठल्यातरी यंत्रात फिरत होतं आणि मला फक्त बसायचं होतं. माझ्या तोंडातून आपोआप "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा" निघायला लागलं. समोरच्या खुर्चीवरचे गृहस्थ बघायला लागले.

सून हळूच म्हणाली, "आये, गाऱ्हाणा कोण घालता, तुमी नुसती व्हय म्हणतात?"

मला हसू आलं आणि त्या हसण्याचीही भीती वाटली. हसले म्हणून आकडा वर जाईल, असं काहीतरी. माणूस घाबरलं की किती मूर्ख होतं, याला मर्यादा नाही. मी तर घाबरायच्या आधीपासूनच होते.

डॉक्टरणीने आत बोलावलं. पडदा आमच्याकडे वळवला. सहाशे.

मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा सहाशे. मालवणचा एकवीसशे तिने बाजूला ठेवला. आधीचे दोन आकडे आणि हा तिसरा, तारखांसकट, तिने संगणकावरच्या एका गणितात घातले. त्या गणितातून उताराचा वेग निघतो, असं ती म्हणाली. मग खुर्चीला टेकून बसली.

"औषध गाठीला लागतंय."

"म्हणजे मी जगतंय?" मी दवाखान्याची मराठी विसरले होते.

"म्हणजे औषध गाठीला लागतंय," ती पुन्हा तेवढंच म्हणाली. "असा उतार ज्यांचा असतो, त्यांचं पुढचं सहसा बरं जातं. तुमचं तसंच जाईल असा शब्द मी देणार नाही. तिसरा डोस आज घ्या. मग स्कॅन. आणि त्यानंतर ऑपरेशन."

"ऑपरेशन कशाला? उतरतंय ना आता?"

सुनेने कपाळाला हात लावला.

अगदी पहिल्या दिवशी डॉक्टरणीने रेघ काढून हेच सांगितलं होतं. उतरला तर ऑपरेशन. मी उतरला एवढंच ऐकलं होतं. इतके दिवस देवाकडे, रक्ताकडे, मालवणकडे मी उतरू दे, उतरू दे म्हणून गाऱ्हाणं घालत होते, आणि उतरला की हे लोक माझं पोट छातीपासून खालपर्यंत उघडणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी विचारलं, "आणखी एखादा डोस देऊन बघितलं तर?" सून हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज फाटला, तिने पदर तोंडाला धरला आणि मग ती हसत होती की काय करत होती, ते मी बघितलं नाही. डॉक्टरणीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तो कुणासाठी हेही कळलं नाही. मीच प्याले.

ऑपरेशन झालं. मला आत नेताना मी छताचे दिवे मोजले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही, मी भुलीच्या डॉक्टरला विचारलं, "किती वेळ?" आणि त्याचं उत्तर ऐकायच्या आधी मी गेले होते. जागी झाले तेव्हा पोट सपाट होतं आणि इतकं दुखत होतं की जिवंत असल्याबद्दल शंका नको. पुढे राहिलेले डोस झाले. आकडा पस्तीसच्या खाली आला, मग आणखी खाली. केस आले, आधीपेक्षा कुरळे. सुट्टीला आलेल्या नातीने विचारलं, आजी पार्लरात गेलीस काय?

याला आता काही वर्षं झाली. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी जायचो, मग लांब लांब. प्रत्येक वेळी त्याच खिडकीत रक्त. लोक म्हणतात, सवय होते. नाही होत. रक्त दिल्यापासून आकडा कळेपर्यंत मी कुणाच्या कामाची नसते. कालवणात मीठ दोनदा घालते. फक्त आता मी पळून जात नाही आणि सून गोड बोलत नाही. आम्ही एकमेकींवर खेकसतो आणि वेळ काढतो.

मागच्या खेपेला डॉक्टरणीने पडद्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. तिचेही केस आता मधून पांढरे झालेत.

"पस्तीसच्या आतच आहे, आजी. पण मागच्या दोन्ही वेळांपेक्षा थोडं वर सरकलंय."

"म्हणजे?"

"कदाचित काही नाही. कदाचित आहे. नुसत्या आकड्यावर मी औषध सुरू करत नाही. एका महिन्याने या. इथेच. तेव्हा लागलं तर स्कॅन करू."

पूर्वीची ती शहाणी असती तर गगनबावडा यायच्या आत तिने आणखी दोन लॅब गाठल्या असत्या. मी नुसती गाडीत बसले. सून गाडी चालवत होती. घाटाचं पहिलं वळण आलं, खाली धुकं होतं, रस्ता थोडाच दिसत होता.

"भय वाटता?" तिने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

इतक्या वर्षांत हे तिने मला कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

"वाटता," मी म्हटलं. "खूप."

"माका पण," ती म्हणाली. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत आला. तिने गाडी कडेला घेऊन त्याला जाऊ दिलं, आणि मग आम्ही खाली उतरायला लागलो.